पाटी अठरा तारखेपर्यंत

ओस्टरझाइल, जुना धक्का
सोमवार, ४ ऑगस्ट १९८६

ती. तित्स्केताईस,

धाकट्या आउकेचा सा. न. वि. वि. इकडे मी ठीक आहे. म्हणजे गुडघे ठीक नाहीत आणि पोटही दोन दिवस धड नाही, पण पत्राच्या सुरुवातीला ठीक आहे असंच लिहायचं असतं. तुझ्या छातीची धाप कशी आहे ते कळव. मागच्या पत्रात लिहिलं नव्हतंस, तेव्हापासून मला घोर लागला आहे.

मुद्द्यावर येतो. बोटीचा रंग गेला. फिका पडला असं नव्हे, गेला. जूनमध्ये पुढच्या टोकाजवळ नाण्याएवढे फोड आले. जुलैच्या उन्हात ते फुटले. आता बोट लावलं की उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसे हातहातभर पोपडे निघतात. खाली पोलाद कोरं, जणू त्याला रंग कधी लागलाच नव्हता.

रंग कोणी दिला ते तुला ठाऊक आहे. तुझ्या हायल्केने. मे महिन्यात त्याने गुरुवार-शुक्रवार दोन दिवस यंत्राने घासून दोन्ही कुशी उघड्या केल्या, वासाच्या औषधाने पुसल्या, आणि मामा, आता सोमवारी पहिला हात मारतो म्हणून सांगून गेला. सोमवारी आला, मारला. पुढे आणखी तीन हात दिले. मी मध्ये तोंड घातलं नाही. म्हटलं, पंचवीस वर्षं हेच काम केलेला कारागीर आहे. उलट त्या मधल्या रविवारी चर्चला जाणारी माणसं धक्क्यावर थांबून बघत होती. रंग नसतानाही आपली ‘फ्राउ हिल्ट्ये’ इतकी लख्ख दिसत होती. जिचं नाव तिला दिलंय ती आई असती तर खूश झाली असती. आणि आता बघ.

जुन्या बंदराच्या मंडळाचं पत्र आलं आहे, टंकलिखित. अध्यक्ष बाकेमा मास्तर. शाळेतून निवृत्त झाले, पण लाल पेन खिशातून गेलं नाही. लिहितात की बोटीची अवस्था धक्क्याला शोभत नाही, १ सप्टेंबरला पाहणी आहे, तोवर रंग नीट नसेल तर जागा सोडावी लागेल. जागा सोडून जाऊ कुठे? चोवीस मीटरची बोट दुसरं कोण घेतं? बोट विकायची आणि मी म्हाताऱ्यांच्या घरात चौथ्या मजल्यावर जायचं, असा त्याचा अर्थ. मी या बोटीवर जन्मलो, बटाट्याच्या पोत्यांमध्ये. चौऱ्याहत्तर वर्षं पाण्यावर झोपलो. चौथ्या मजल्यावर मला झोप कशी येईल? आणि हे कोण सांगतं, तर बाकेमा! ज्यांच्या पांढऱ्या छोट्या बोटीला दर वसंतात नवा रंग लागतो आणि दर वसंतात नवा रंगारी, कारण आधीचा गाढव निघालेला असतो!

२७ जुलैच्या रविवारी हायल्के बघायला आला. मान हलवत म्हणाला की मामा, माझ्या हातून असं कधी झालं नाही, लोखंडातच काहीतरी असणार. मी म्हटलं, लोखंडात काही नाही, ते माझ्या बापाने पारखून घेतलंय, तुझ्या हातात खोट आहे. त्याने कॉफी अर्धी ठेवली, टोपी घातली आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी एक पाटी रंगवून धक्क्याकडच्या कठड्याला टांगली: हा रंग हायल्के वेस्टरहोफ रंगारी याने दिला. हात लावून बघा. माणसं लावतात आणि हसतात. बाकेमा म्हणाले पाटी काढा, शोभत नाही. मी म्हटलं, रंग शोभत नाही म्हणता, मग पाटी तरी खरी आहे ना? नाही काढत.

तुझा मुलगा आहे, म्हणून तुला माझ्याकडूनच कळावं. माझ्यावर रागाव, पण पत्र पाठवायचं थांबवू नकोस.

तुझा,
आउके

०

झ्वोल
शुक्रवार, ८ ऑगस्ट १९८६

चि. आउकेस,

ताईचे अनेक आशीर्वाद आणि त्यांच्यासोबत एक धपाटा. धाप आहे तशी आहे. जिना चढताना येते आणि तुझी पत्रं वाचताना येते.

हायल्के मला एक शब्द बोलला नाही. त्याच्या बायकोने सांगितलं. तुझी पाटी वाचून दोन बोटवाल्यांनी त्याचं ठरलेलं काम रद्द केलं. तो रोज सकाळी ब्रश धुतो, वाळवतो आणि परत कपाटात ठेवतो. मी आई म्हणून बोलत नाही, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? आई म्हणूनच बोलते आहे.

तुझ्या जागेचं मलाही वाईट वाटतं रे. तू चौथ्या मजल्यावर गेलास तर खिडकीतून दोर टाकून खोलीच खांबाला बांधशील, मला माहीत आहे. तेव्हा बोट वाचलीच पाहिजे, यात दुमत नाही. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा एकाच जागी अडले.

दोन दिवस यंत्राने घासलेली बोट. डेकवर, कठड्यांवर, कुशींवर काळी धूळ असणार, बोट घातलं तर रेघ उमटेल इतकी. शुक्रवारी हायल्के गेला. रविवारी मात्र बोट लख्ख, लोक थांबून बघतात. मध्ये कोणता वार येतो, आउके?

उत्तर मला ठाऊक आहे, कारण मीही हिल्ट्येचीच मुलगी आहे. पण तू स्वतःच्या हाताने लिही.

साखरेचा पाव पाठवते आहे. एकट्याने खा, सगळ्या धक्क्याला वाटू नकोस. चिडलास तरी उत्तर दे, तेवढा लोभ तुझ्याकडे आहे हे मी जाणून आहे.

तित्स्के

०

ओस्टरझाइल
मंगळवार, १२ ऑगस्ट १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाव पोचला. एका बाजूने जरा दबला होता, टपालवाल्यांना कशाची काळजी नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मध्ये शनिवार येतो. शनिवारी दोन वाजता बोट धुतली. पुढच्या टोकापासून सुकाणूपर्यंत, आत-बाहेर, हिरव्या साबणाने, आईच्याच ब्रशने. मग? न धुता ठेवायची होती? आठवण आहे ना, एखादा माणूस शिंकून मेला तरी शनिवारी बोट धुऊन झाल्याशिवाय आईने त्याला पुरू दिलं नसतं! रविवारी घाणेरड्या बोटीवर बसणाऱ्या खलाशांची नावं ती पोरांना भीती घालायला सांगायची. मी आयुष्यात एक शनिवार चुकवलेला नाही. टायफॉइडमध्येसुद्धा तू धुतलीस आणि मी पांघरुणातून बघत होतो.

आणि त्या साबणाने रंग जातो असं तुला सुचवायचं असेल, तर सत्तर वर्षं काय झालं? बाबांनी दिलेला रंग गेला का? नाही गेला. (आता आठवतं, बाबा रंगाच्या आठवड्यात आईशी भांडायचे आणि तिला आत्याकडे पाठवायचे. का ते मला कधी कळलं नाही. कालवा गोठून बोट अडकली की तेवढीच आपली शाळा, आणि बर्फ वितळायच्या आत असल्या गोष्टी कोणी शिकवल्या नाहीत.)

तेव्हा पाटी राहील. बोटही राहील. मी स्वतः खरवडायला घेतली आहे. खरवडणीने आणि तारेच्या ब्रशने, हाताने. यंत्र नको आणि कोणाचा मुलगाही नको. रोज सकाळपासून अंधार पडेपर्यंत. डावी कूस जवळजवळ झाली. गुडघ्याखाली उशी घेतो. रात्री बोटं मिटत नाहीत, पण ते कोणाला सांगू नकोस. बाकेमा काल धक्क्यावर उभे राहून विचारत होते की आउके, तुम्हाला एकट्याला झेपणार आहे का. मी म्हटलं, मास्तर, ही उघडी बोट तुम्हाला नको असेल तर पाण्याकडे पाठ करून उभे राहा.

दर शनिवारी धुतो आहेच. का धुऊ नये?

राग गेला की कळव. मी वाट बघतो आहे असं समजू नकोस, पण टपालवाला किती वाजता येतो ते मला पाठ आहे.

आउके

०

झ्वोल
शुक्रवार, १५ ऑगस्ट १९८६

ती. आउकेमामास,

हायल्केचा नमस्कार. तुमच्या बोटीवर मी येणार नाही. बोलावलं तरी येणार नाही, आणि तुम्ही बोलावणारही नाही, म्हणजे त्यात आपलं दोघांचं एकमत आहे.

आईने तुमचं पत्र वाचून दाखवलं. मी हसलो नाही. या पार्सलात एक पत्रा आहे, वहीच्या पानाएवढा, तुमच्या बोटीसारख्याच पोलादाचा. मी तो घासून औषधाने पुसला आहे. मधोमध खडूची रेघ आहे. रेघेच्या डावीकडे शनिवारी दोन वाजता नेहमीसारखं धुवा. नेहमीसारखंच, मामा, हात आखडू नका. उजव्या अर्ध्याला शिवू नका. सोमवारी दोन्ही अर्ध्यांना डब्यात उरलेल्या शेंदरी रंगाचा एकेक हात द्या. पुढच्या शनिवारी नखाने खरवडा.

दोन्हीकडून रंग निघाला तर खोट माझ्या हातात. मग पाटीवर माझा टेलिफोन नंबरही लिहा.

कै. मामींच्या फोटोसमोरची पितळी दिवटी पुसायला घेतली असेल तर त्या साबणाने पुसू नका, काळी पडते. हे मी रंगारी म्हणून सांगत नाही.

आपला,
हायल्के

०

ओस्टरझाइल
रविवार, २४ ऑगस्ट १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला बसलो आहे. आधीची दोन फाडली. अक्षर वाकडं आलं आहे ते बोटांमुळे, दुसरं काही नाही.

पत्रा आला तेव्हा मी तो धक्क्यावरून पाण्यात फेकणार होतो. मग म्हटलं, फेकला तर हायल्के म्हणेल मामा घाबरला. म्हणून सांगितलं तसं केलं. डावा अर्धा धुतला, असा धुतला की आईनेही मान डोलावली असती. सोमवारी रंग दिला. आठवडाभर तो पत्रा दिव्याशेजारी टेकवून ठेवला होता. दोन्ही अर्धे सारखेच दिसायचे, सारखेच लाल, आणि मी मनात म्हणायचो, बघ, काही फरक नाही.

काल सकाळी खरवडलं. उजवीकडे नख मोडलं. डावीकडे नख लागताच रंग वर आला आणि मी ओढला तर एक अख्खी पट्टी आली, टपालाच्या तिकिटासारखी. खाली पोलाद कोरं.

 मग वाटलं, कदाचित पत्र्यातच खोट असेल. आणि हे वाटलं तेव्हा मला हायल्केचा आवाज ऐकू आला, लोखंडातच काहीतरी असणार म्हणणारा, आणि त्यावर मी त्याला काय बोललो होतो तेही.

त्याने बोट पुसून तयार ठेवली होती आणि मी त्याच्यामागून तिला साबण चोळला, मागे तेलकट थर ठेवणारा, ज्यावर रंग धरत नाही. आईच्या ब्रशने. आणि त्याला सांगितलंसुद्धा नाही, कारण शनिवारी बोट धुतली हे कोण कोणाला सांगतं? श्वास घेतला हे आपण सांगतो का?

पाटी उतरवली. फेकली नाही. उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: हा रंग हायल्के वेस्टरहोफ याने उत्तम दिला होता. मी, आउके, याने तो हिरव्या साबणाने घालवला. शेजारी पत्रा टांगला आहे. हात लावून बघा. परत तिथेच, कठड्याला, धक्क्याच्या बाजूला.

दुपारी बाकेमा धावत आले. म्हणाले, आउके, आता हे काय? माणसं आधीपेक्षा जास्त थांबतात, बंदराचं हसं होतंय, अशी पाटी असेपर्यंत मला पाहणीच्या कागदावर सही करता येणार नाही. मी हिशेब करूनच ठेवला होता. हायल्केचं नाव त्या कठड्यावर सव्वीस दिवस होतं, २८ जुलैपासून. माझंही सव्वीस दिवस राहील. १८ सप्टेंबरला उतरवीन. ते म्हणाले, पाहणी पहिल्या तारखेला आहे, अठराला नाही, जागेचा विचार करा. मी म्हटलं, केला. मास्तर, तुमच्या सहीसाठी एक दिवस आधीसुद्धा उतरवणार नाही.

आत आल्यावर मात्र मंडळाचं पत्र पुन्हा काढून वाचलं. चौथा मजला, ताई. तिथे खिडकी फक्त अर्धी उघडते असं म्हणतात.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते. हे सगळं कळल्यावर त्याच दिवशी दोन वाजता हात आपोआप बादलीकडे गेले. खरवडलेली डावी कूस अर्धी धुऊन झाल्यावर आठवलं.

हे हायल्केला वाचून दाखव. त्याला बोलावत नाही, बोलवायला तोंड नाही. फक्त वाचून दाखव.

लोभ ठेवावा असं मागायचा हक्क या वेळी मला नाही, पण सवयीने मागतो.

आउके

०

झ्वोल
बुधवार, २७ ऑगस्ट १९८६

चि. आउकेस,

आशीर्वाद, या वेळी धपाट्याशिवाय.

वाचून दाखवलं. हायल्केने पत्र हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं.  मग विचारलं की मामाकडे साबणाचा डबा केवढा आहे. मी म्हटलं, आपल्या घरातला सगळ्यात मोठा, झाकणाचा, बसायच्या स्टुलाएवढा. तो हं म्हणाला आणि कपाटातून ब्रश काढून घेतले.

मी काही सांगितलं असं समजू नकोस. दार उघडं ठेव.

तुझी,
ताई

०

ओस्टरझाइल
सोमवार, १ सप्टेंबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

आजचं सगळं आजच लिहितो, नाहीतर उद्या मला ते खरं वाटणार नाही.

हायल्के गुरुवारी सकाळी सातला आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. पाटी वाचली, खालून वर, वरून खाली, आणि यंत्र सुरू केलं. उजवी कूस त्याने घेतली, डावीकडचा माझा साबण त्याने पुन्हा घासून काढला. एवढंच म्हणाला की मामा, हाताने खरवडलेलं बरं उतरलंय. दोन दिवस आम्ही राय धान्याच्या काळ्या पावावर आणि ताकावर काढले. संध्याकाळी त्याने एकदा विचारलं, बोटं मिटतात का. तू सांगितलंस, होय ना? सांगू नकोस म्हटलं होतं.

शनिवारी कामाचं काही उरलं नव्हतं. तरी तो आला. बरोबर पावणेदोनला. साबणाचा डबा डेकवर ओढला, झाकणावर बसला आणि म्हणाला, मामा, कॉफी करा. दोन वाजले. मी उभा होतो. तो बसला होता. तीन वाजले. मी म्हटलं, निदान कठडे तरी. तो म्हणाला, कठडे नाहीत. मी म्हटलं, फक्त पाण्याने. तो म्हणाला, मामा, तुमच्या हातात बादली आली की साबण आपोआप येतो, बसा. साडेपाचला चर्चची घंटा झाली तेव्हा तो उठला आणि डबा काखेत मारून घरी घेऊन गेला. चार कप कॉफी प्यायला आणि मला एकदाही हसला नाही. जाताना मात्र हसला.

रविवारी ताई, ‘फ्राउ हिल्ट्ये’ घाण होती. पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा. सगळीकडे काळी धूळ, कठड्यांवर, दाराच्या चौकटीवर, माझ्या कुंड्यांवर. मी सकाळी आतच बसणार होतो. पडदा ओढला होता. चर्चला जाणाऱ्यांची पावलं ऐकू आली, धक्क्यावर थांबलेली. मग मला वाटलं, मी कोणापासून लपतो आहे? काळा कोट घातला, टोपी घातली आणि बाहेर जाऊन डेकवर मधोमध उभा राहिलो, धुळीत. सगळ्यांना नमस्कार केला. कोटाला धूळ लागली, लागू दिली. मनात आईला म्हटलं, आई, हे मी मुद्दाम करतो आहे. आणि ताई, काही झालं नाही. बोट बुडाली नाही.

आज पाहणी. हायल्के सहा वाजल्यापासून औषधाने पुसत होता, मी त्याच्यामागून कोरडं करत होतो. दहाला बाकेमा लाल पेन घेऊन आले तेव्हा बोटीवर रंगाचा एक ठिपका नव्हता. उघडं राखाडी पोलाद, कठड्यावर पाटी, पाटीशेजारी पत्रा. त्यांनी कागद काढला आणि वाचलं: रंग नीट असणे. मी म्हटलं, रंग नाही. पाटी काढणे. मी म्हटलं, काढली नाही. बोट हलवायची असेल तर दोर तुम्हीच सोडा, मास्तर, मी सोडणार नाही. मी डेकवर बसतो. हायल्केने पुसायचं फडकं खाली ठेवलं आणि तोही माझ्याशेजारी येऊन बसला.

बाकेमांनी कागद काखेत धरला. मग त्यांनी पत्र्याला नख लावलं. उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडची पट्टी निघाली तशी ती बोटांत धरून बघत राहिले. मग आवाज खाली आणून विचारलं, आउके, हा साबण म्हणजे तोच का, मऊ, डब्यातला. मी म्हटलं, तोच. ते म्हणाले, आणि धुतल्यावर किती दिवसांनी रंग दिला तर असं होतं? हायल्के म्हणाला, घासल्यावर एकदाही धुतलं तरी होतं, मास्तर. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. मग विचारलं की बायकोने धुतलं तरी होतं का.

आमच्या दोघांपैकी कोणीही हसलं नाही. तुझ्या शपथेवर सांगतो.

कागदावर त्यांनी लाल पेनने लिहिलं: काम चालू आहे, पुन्हा पाहणी १८ सप्टेंबर. सही केली. पाटीचं नाव काढलं नाही. निघाले ते सरळ स्वतःच्या पांढऱ्या बोटीकडे. तिथे वाकले आणि नखाने हलकेच खरवडू लागले. मग उभे राहून परत आले आणि हायल्केला विचारलं की तो या महिन्यात मोकळा आहे का. हायल्के म्हणाला की आधी मामा.

पहिला हात दुपारी झाला. शेंदरी, ओला, चारही बाजूंनी चमकतो आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

तुझी छाती सांभाळ आणि माझ्यावरचा लोभ आहे तिथेच राहू दे, हलवू नकोस.

तुझा धाकटा,
आउके

ता. क. – शनिवारी दोन वाजता मी काय करायचं, ते तुला सुचत असेल तर लिही. पाटी अजून तिथेच आहे, अठरा तारखेपर्यंत.